आईनं सोडलेलं मीठ

आम्ही नव्या पनवेलला राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच वर्षी डॉक्टरांनी बाबांचं ब्लडप्रेशर तपासलं. मग यंत्राची जुनी, कडक झालेली रबरी नळी बोटांत दाबून दाखवत ते म्हणाले, "तुमच्या रक्तवाहिन्या अशा होत चालल्यात. तुम्ही पन्नाशीचे आणि नसा म्हाताऱ्याच्या. मीठ कमी करा, नाहीतर एखादी कधी फुटेल सांगता येत नाही." मी शेजारीच बसले होते. बाबांनी इतक्या गंभीरपणे मान हलवली की मी मूर्खासारखी निर्धास्त झाले.

ते गांभीर्य दुपारच्या जेवणापर्यंत टिकलं. आमटी अळणी लागताच त्यांनी पापड मागितला. पापडात मीठ असतं म्हटलं, तर म्हणाले, "त्यात खार असतो." पापडखारही नसांना तोच त्रास देतो, हे मी समजावून सांगेपर्यंत त्यांचे दोन पापड संपले होते. लोणचं नुसतं तोंडी लावायला, म्हणून ते मिठात धरायचं नाही. सैंधव उपवासाला चालतं, म्हणून तेही मीठ नव्हे. उरणहून सुकी मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना मी एकदा दारातच बजावलं, की या घरात सुकट द्यायची नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी कुठं देतंय? तुझे बाबाच बाजारात येतान माज्याकडं."

डोकं फिरायची वेळ आली होती, त्यात आईनं भर घातली. आमटीत मीठ पडण्याआधी ती स्वतःपुरती वाटीभर बाजूला काढते, हे माझ्या उशिराच लक्षात आलं. विचारलं तर म्हणाली, "ह्यांच्यानं काही सुटायचं नाही. मग मीच सोडलं. देवीला तसं बोललेय."

"अगं, नसा त्यांच्या कडक झाल्यात, तुझ्या नाही."

"घरातल्या एकानं सोडलं की पोचतं देवाला."

पोचतं म्हणून मग बाबांच्या पानात मीठ पूर्वीसारखंच, कदाचित चिमूटभर जास्तच. मी डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते खो खो हसले. मला मात्र हसू येईना. एकजण रोज मीठ खाऊन नसा झिजवतोय आणि दुसरी त्याच्या वाटचं पथ्य करतेय, या दोघांना कसं आवरायचं? मला त्यांचा संताप यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची.

अशी काही वर्षं गेली. एका सकाळी दाढी करताना बाबांच्या हातातून वस्तरा पडला आणि पाठोपाठ तेही पडले. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं.

त्यांना जरा गिळता यायला लागलं त्या दिवशी आईनं घरून डबा आणला. मऊ भात, आणि कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड. वॉर्डातली माणसं वळून बघतील इतक्या जोरात मी ओरडले.

आईनं चमचा खाली ठेवला. "डॉक्टरच म्हणाले ना, थोडक्यात वाचले म्हणून? मग कशानं वाचले?"

इतकी वर्षं ती बेचव जेवली ते सगळं फुकट गेलं, हे तिच्या तोंडावर म्हणणं मला जमेना. बाबा त्या फोडीकडे टक लावून बघत होते. मी ती उचलली आणि माझ्याच तोंडात टाकली.