जरा अ‍ॅडजस्ट करा

एसटीत शेजारच्या गृहस्थांनी गुडघे ऐसपैस पसरले आणि वर मलाच म्हणाले, "ताई, जरा अ‍ॅडजस्ट करा."

मी खिडकीशी बसलेल्या माझ्या लहान लेकीकडे सरकले आणि माझाच मला संताप आला. काय काय कोंबलंय या एका शब्दात! लग्नात आत्या कानाशी पुटपुटली, "अ‍ॅडजस्ट करून घे," म्हणजे गप्प राहा. ऑफिसात साहेब म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ, रविवारीही ये. घरी दूध कमी पडलं की, "तू अ‍ॅडजस्ट करशील ना?" म्हणजे कोरा चहा माझा.

तेवढ्यात लेकीने, कुणी काही न सांगता, मला जागा व्हावी म्हणून पाय पोटाशी घेतले. अंग चोरून बसली.

मी गृहस्थांकडे वळले. "अहो, गुडघे आवरा आधी!"