पान अकरावरची ओळ

मी एका मुलाला प्रवेशाचा नियम खोटा वाचून दाखवला होता. हे मी बायकोला सांगितलेलं नाही. वडील होते तोवर त्यांनाही सांगितलं नाही. आणि ज्याला सांगायला हवं, त्याच्या दुकानाचा रस्ता मी इतकी वर्षं टाळत आलो.

त्या उन्हाळ्यात इंदूरच्या कापड मिल एकामागून एक बंद पडत होत्या. आमची बंद झाली तेव्हा माझा बारावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. वडील मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते, हजेरीची रजिस्टरं सांभाळायचे. मिल कामगारांच्या चाळीत, म्हणजे आमच्या लाइनीत, समोरच्या खोलीत माझा मित्र राहायचा. त्याचे वडील लूम खात्यात बदली कामगार होते. म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायमचा एखादा माणूस आला नाही तर त्याच्या जागी काम मिळायचं, नाहीतर भरलेला डबा घेऊन घरी परत. असं सतरा वर्षं.

शहरातल्या एका ट्रस्टच्या कॉलेजात बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स नवीन सुरू झालं होतं. बारावीला गणित आणि फिजिक्स हवं, आणि प्रवेश गुणांच्या क्रमाने. त्यातली एक जागा मिल कामगाराच्या मुलासाठी, बिनफीची. अर्जाला मिलचं सर्व्हिस सर्टिफिकेट जोडायचं होतं. पगार थांबलेल्या घरातून सायन्सच्या पदवीपर्यंत जायला आमच्या लाइनीत दुसरी वाट नव्हती. रजिस्टरं वडिलांकडे होती, म्हणून मिल बंद झाल्यावरही ती सर्टिफिकेटं तेच लिहीत होते आणि या जागेसाठी त्यांनी दोनच लिहिली. एक माझं, एक मित्राचं. मित्राला माझ्याहून एकवीस गुण जास्त होते.

फॉर्म दोघांनी आणले, माहितीपुस्तिका मात्र एकच, माझ्याकडची. ती इंग्रजीत होती आणि त्याची इंग्रजी कच्ची. शेवटच्या तारखेच्या आदल्या दुपारी तो आमच्या पायरीवर येऊन बसला.

"वाच ना भिया. मला टेन्शन होऊन राहिलं आहे. काकांनी सर्टिफिकेटवर बदली कामगार लिहिलं आहे."

"जे आहे तेच लिहिणार ते."

"ते बराबर आहे. पण नियम काय म्हणतो?"

नियम पान अकरावर होता. कायम असो की बदली, दोन्ही कामगारांची मुलं पात्र. मी ओळ वाचली आणि आत बघितलं. दुपारी दोन वाजता वडील घरात बसलेले मी त्याआधी रविवार सोडून कधी पाहिले नव्हते. मिलमध्ये जायचा इस्त्रीचा शर्ट घालून ते खुर्चीत बसले होते, हात मांडीवर, समोर भिंत. ती खुर्ची पुढे माझी होणार असं मला वाटलं.

"नाही रे," मी म्हणालो. "परमनंटच पाहिजे."

त्याने पुस्तिका मागितली नाही. मागितली असती तर मी ती दिली असती, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. खरं मला माहीत नाही.

तो थोडा हसला. "सतरा साल गेटवर उभा राहिला माझा बाप, आणि कागदावर मिलचा नाहीच. सही है." मग फॉर्म दुमडून खिशात ठेवत म्हणाला, "तू भर. लाइनीतला एक तर जाईल."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या खिडकीपाशी मी सारखा फाटकाकडे बघत होतो. खिडकीतल्या बाबूने विचारलं, "मिलवाला और कोई नहीं आया?" मी नकारार्थी मान हलवली. माझ्या कागदावर त्याने दाबून शिक्का मारला, त्या आवाजाने मी दचकलो.

यादीत माझं नाव लागल्यावर वडिलांनी विचारलं, "त्याचा अर्ज का नाही गेला? सर्टिफिकेट तर मी स्वतः लिहून दिलं होतं."

"त्याला कॉमर्स करायचं आहे."

वडील चष्मा पुसायला लागले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि त्यांना काय कळलं होतं ते आता कळायला मार्ग नाही.

कॉलेजची तीन वर्षं मी चोरासारखी काढली. शिपाई चिठ्ठी घेऊन वर्गात आला की वाटायचं, माझंच नाव. पुस्तिका मी ट्रंकेच्या तळाशी कागदाखाली लपवली. टाकून दिली तर कुणाला सापडेल, ही भीती. ठेवली तर घरात कुणाला सापडेल, ही दुसरी.

मित्र कापडाच्या दुकानात लागला, बाहेरून बी.कॉम. झाला. पुढे पलासियात, कोचिंग क्लासेसच्या गल्लीत, त्याने झेरॉक्सचं आणि फॉर्म भरायचं दुकान टाकलं. मी पीथमपूरला कारखान्यात लागलो, राजेंद्र नगरमध्ये घर घेतलं.

या जूनमध्ये माझी मुलगी मला तिथे घेऊन गेली. मी म्हणालो होतो, घरीच भर ना. ती म्हणाली, "पप्पा, सगळे त्या काकांकडेच भरतात. त्यांना सगळ्या कोर्सेसचे नियम तोंडपाठ आहेत."

मित्राने चष्मा कपाळावर चढवला. "या इंजिनियर साहेब. पलासिया सापडलं म्हणायचं." मग मुलीला, "बेटा, तुझे पप्पा आमच्या लाइनीतले पहिले सायन्स ग्रॅज्युएट. काय अडलं?"

"काका, या कोर्सला मॅथ्स लागतं. माझं बायो आहे. म्हणजे झालंच."

"कोणी सांगितलं?"

"मैत्रिणीने."

त्याने स्क्रीन तिच्याकडे फिरवली. "मैत्रिणीला राहू दे. तू वाच. मोठ्याने."

तिने वाचलं. पुढच्याच ओळीत होतं, बायोलॉजीवाले पात्र, फक्त पहिल्या वर्षी गणिताचा एक जादा पेपर. ती हसायला लागली.

"माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला मी वाचायला लावतो," तो म्हणाला. "नियम दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा नाही." हे तो प्रिंटरमध्ये कागद घालत म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. त्याला माहीत आहे की नाही, मला सांगता येत नाही.

प्रिंट माझ्यापुढे सरकवून त्याने बोट ठेवलं. "पालकांची सही, इथे." मी पेन चुकीच्या ओळीवर टेकवलं. तो हळूच म्हणाला, "आरामात, भिया."

सही करून मी घरी आलो.

पुस्तिका अजून माझ्याकडे आहे. ती त्याच्या काउंटरवर ठेवून पान अकरावरची ओळ मला त्याला वाचून दाखवायची आहे, जशी लिहिली आहे तशी. ते अजून बाकी आहे.