शेवटचा फर्मा

वाचनालयाच्या तळघरात माझ्या मामानं तीस वर्षं पुस्तकं बांधली. उसवलेल्या पुस्तकाचे सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे होतात. त्यातला एक खिशात घालून तो संध्याकाळी घरी न्यायचा, मामीला वाचून दाखवायचा आणि सकाळी परत आणायचा. नियमात बसत नव्हतं, पण एकही फर्मा कधी हरवला नव्हता.

मामी वर्षभर अंथरुणात होती. औषधांनी अंगाची नुसती आग व्हायची. तिला बर्फातल्याच गोष्टी हव्या असत, त्याही पारखून.

"थंडी काढून घेतली तरी ही गोष्ट चालतेच की! न्या परत."

त्या महिन्यातलं पुस्तक मात्र तिला पटलं. सरोवर गोठतं म्हणून टपालवाल्याला घरची वाट मोकळी होते. पण वाटेत वादळ गाठतं. आता थांबला की संपला.

शेवटचा फर्मा आला आणि मामी म्हणाली, "आज नको."

"अगं, सोळाच पानं उरलीत."

"म्हणूनच. त्याचं काय झालं ते कळलं, की मी सकाळी कशासाठी डोळे उघडू? चालू द्या बिचाऱ्याला."

"पाय गोठतील त्याचे."

"माझे घे म्हणावं. चांगले तापलेत."

फर्मा तिच्या उशीखाली गेला. आठ दिवस तिथंच राहिला. इकडे वरून घाई सुरू झाली, तेव्हा मामानं बाकीचं पुस्तक शिवून टाकलं. मागे जागा ठेवली, नंतर सरकवू म्हणून. आणि तो रजेवर असताना कुणीतरी ते वाचायला देऊन टाकलं.

एक निवृत्त मास्तर तणतणत आले. "अहो, माणूस बर्फात उभाच आहे!"

ग्रंथपाल बाईंनी मामाला वर बोलावलं. "पानं कुठायत?"

"घरी."

"तुम्ही? तुम्ही असं करावं?" त्यांनी मास्तरांनी परत केलेलं पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. "उद्या सकाळी टेबलावर हवीत. नाहीतर मला वर कळवावं लागेल."

मामानं घरी सगळं सांगितलं. नोकरीचं शेवटी, चाचरत.

"म्हणजे मास्तरही ताटकळलेत," मामी म्हणाली. उशीखाली हात घालून तिनं फर्मा काढला. "वाचा. सावकाश."

दोन पानं राहिली तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं. "तुम्ही पुढचं वाचलंय. पोचतो का?"

"विचारू नकोस. चल माझ्याबरोबर."

टपालवाल्याला काठ लागला. घराची खिडकी दिसली. तिथंच पुस्तक संपलं.

"दार नाही उघडत कुणी?"

"एवढंच आहे."

"बरं," ती म्हणाली. "काठ तर लागला." आणि कूस बदलून झोपली.

सकाळी मामानं फर्मा शिवला. बाईंनी पुस्तक उघडून पाहिलं. मागची पानं उशीखाली दबून वाकली होती.

"प्रेसखाली ठेवून सरळ करा ना ही."

मामा कधी नाही म्हणत नसे.

"राहू द्या," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी मामी गेली.