आईच्या गळ्यावरचं ऊन

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आमच्या लातूरकडं शहर ओस पडतं, सगळे रानात जेवायला जातात. आम्हीही गेलो होतो. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, आंबिलीचं मडकं, सगळं जागच्या जागी होतं. फक्त आई लांब बाभळीखाली, वेगळं ताट घेऊन बसली होती.

गळ्याच्या गाठीसाठी तिनं लातूरला मशीनवर किरणांचे शेक घेतले होते. तेव्हापासून तिनं माझ्या तान्ह्या लेकीला हात लावला नव्हता. मी बाळ पुढं केलं की ती मागं सरकायची. मला इतकं वाईट वाटायचं! मी आधी चिडायचे, मग रडायचे, मग पुन्हा चिडायचे.

त्या दिवशी मी बाळ घेऊन तिच्यासमोर ठाणच मांडलं. तेव्हा कुठं आई बोलली. उदगीरच्या मावशीला हैदराबादेत किरणं दिली, तर तिला काही दिवस लेकरांजवळ जाऊ दिलं नव्हतं. आईनं ते मनात धरलेलं. शिवाय रोज दवाखान्यातून आली की गोठ्यामागं अंघोळ, लुगडं वेगळं भिजत, अन् गळा साबणानं खसाखसा घासायचा! आधीच लाल झालेली कातडी त्यानं सोलून निघालेली.

मी कपाळावर हात मारला. मी नांदेडला शाळेत शिकवते. विष्णुपुरीकडं आमचं आपत्तीचं प्रशिक्षण झालं, तेव्हा निम्मं लक्ष चहाकडं होतं, पण एवढं डोक्यात राहिलं की किरणांचा धोका एकाच जातीचा नसतो. भंगारात किरणं सोडणारा धातू सापडला, कुणी हाताळला, काही तासांत उलट्या सुरू झाल्या, पुढं विस्तवाशिवाय कातडी भाजल्यासारखी झाली, तर तिथून लांब व्हायचं अन् कळवायचं. अंगावर भुकटी उडाली तर कपडे बाहेरच उतरवून अंग धुवायचं. पोटात गेलं तर मात्र त्या माणसाच्या अंगातून काही काळ किरणं निघतात. मावशी थायरॉईडसाठी किरणं सोडणारं औषध प्याली होती, तिला लांब ठेवलं ते बरोबरच. आमच्या आईनं मात्र सगळ्या जातींची पथ्यं एकटीनं पाळली होती.

"आई, दिवसभर उन्हात तुरी काढल्या की कातडी रापते," मी म्हटलं. "म्हणून रात्री तुझ्या अंगातून ऊन निघतं का? मशीन बंद, किरण बंद."

तिला हसू आलं, पण पटलं नाही. लेकीचं कोण ऐकतं? मग मी तिच्या डॉक्टरांनाच फोन लावला. तेही कुठल्या तरी रानात, तोंडात घास. मशीनच्या शेकानं अंगात काही उरत नाही, नातीला खुशाल घ्या, म्हणाले. गळ्याला साबण लावल्याबद्दल मात्र त्यांनी तिला असं झापलं, की मला गुदगुल्या झाल्या.

आईनं हात पुढं केले. बाळ छातीशी धरलं.

"मरणाला न्हाई भेले मी," ती म्हणाली. "हिच्यापायीच भेले."

मग मी तिचं वेगळं ताट उचललं अन् कोपीतल्या आमच्या ताटांत नेऊन ठेवलं. ती बाळासकट मागोमाग आली. बाळ दे आता, जेव, असं मी दोनदा म्हटलं. तिनं सोडलं नाही.

"तूच भरव की मला," ती म्हणाली. "माझे हात गुतलेत."