व्याधाचा वर्णपट आणि आक्कांची गच्ची

आकाश बघायला प्रवास करावा लागतो, हे टिळकवाडीत कुणाला पटत नाही. पण शेजारच्या भरमू मास्तरला तेजोमेघांचे फोटो काढायचा नाद, आणि बेळगावच्या दिव्यांत त्याचे तेजोमेघ ताकासारखे पातळ होतात. म्हणून पौष अमावास्येला आम्ही त्याच्या गावी निघालो. निपाणीपर्यंत एस.टी., तिथून चिकोडीची गाडी. मांडीवर कॅमेरा, बिजागरीनं जोडलेल्या दोन फळ्या आणि एक काचेचा लोलक.

"काय हाय ओ ह्यात?" कंडक्टर.

"ताऱ्याचा उजेड फोडायचं सामान."

"फोडा. गाडीत नको."

संकेश्वरला चहा घ्या, भजी टाळा. आणि जैनांच्या घरी जाणार असाल तर दिवस मावळायच्या आत पोचा. नंतर चूल पेटत नाही. आम्ही धापा टाकत भाकरी-उसळ गाठली.

भरमूच्या आईला सगळे आक्का म्हणतात. लोलकातून पडलेल्या पट्ट्यातल्या काळ्या रेघांवरून तारा कशाचा बनलाय ते कळतं, असं त्यानं त्यांना सांगून ठेवलेलं. गेल्या खेपेच्या फोटोत नुसता दोरा आला होता, रेघ एकही नाही.

"माझा केस ह्याच्यापरीस जाड हाय," आक्का म्हणाल्या. "ह्या खेपंला काय दिसलं न्हाय, तर गच्ची मिरच्यांस्नी. कायमची!"

अंधार पडताच आधी मृगातला तेजोमेघ. पृथ्वी फिरते, तारे सरकतात; ते फोटोत जागचे हलू नयेत म्हणून भरमू कॅमेऱ्याखालच्या फळ्यांचा स्क्रू भक्तिभावानं फिरवत बसला. मग भिंगापुढे लोलक. लोलक उजेड वळवतो, त्यामुळे व्याध एकीकडे आणि कॅमेऱ्याचं तोंड भलतीकडे. सीमाभागातल्या पुढाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. शटर उघडलं आणि भरमूचा हात पुन्हा स्क्रूवर.

"गेल्या खेपेलाही फिरवत होतास?"

"व्हय. सवय." मग त्यानं स्क्रूकडे बघितलं. मग म्हणाला, "आयला!"

तेजोमेघासाठी तारा धरून ठेवायचा; वर्णपटासाठी सरकू द्यायचा, तेव्हा दोऱ्याची पट्टी होते आणि रेघा दिसतात. पण भरमूचे हात ऐकेनात. शेवटी ते मीच घट्ट धरून बसलो.

खालून आक्का ओरडल्या, "काय करायलाय रं?"

"काही नाही, आक्का!"

"त्यासाठी बेळगावास्नं आलतासा?"

परत आल्यावर भरमूच्या न्हाणीघरात रोल धुतला, फोटो छापले. तेजोमेघ कबुतराच्या शिटेच्या डागासारखा. पण व्याधाच्या पट्टीवर तीन काळ्या रेघा, आडव्या, स्वच्छ! "हायड्रोजन," भरमू पुटपुटला, "पाण्यातला." एवढ्या लांबचं काही आपल्या ओल्या बोटांत आहे, या जाणिवेनं मीसुद्धा टोमणा मारायला विसरलो.

रविवारी भरमू तो फोटो घेऊन गावी गेला. आक्का म्हणे बराच वेळ बघत राहिल्या. "इरकली लुगड्याचा काठ दिसतोय," एवढंच बोलल्या आणि उठून गच्चीच्या मधोमध खडूनं रेघ ओढून आल्या. अर्धी मिरच्यांना, अर्धी व्याधाला.

आमच्या भागात सीमाप्रश्न इतक्या लवकर सुटलेला मी पहिल्यांदाच पाहिला.