किनाऱ्यावरचा ट्रेलर आणि दोघांपुरतं मटण

माणसानं बायकोला वचन देताना आधी स्वतःच्या जिभेला विचारावं. मी विचारलं नाही.

आमच्या सुरेखाची मागणी एवढीशीच होती. "अहो, एक दिवस मला चूल नको, पावणं नको, दाराची बेल नको. शांत बसायचंय मला. जमंल?"

"जमंल म्हंजे? दिलं वचन!" (घरी पाहुण्यांचा असा राबता, की आमचं चहाचं पातेलं पालथं पडलेलं कुणी पाहिलेलं नाही.)

मेव्हण्याचा ट्रेलर मागून आणला. गाडीमागं जोडायची चाकांवरची खोलीच ती! आत पलंग, गॅस आणि बाजूला वर उचलायची भलीमोठी खिडकी. राधानगरीकडनं घाट उतरून कोकणातला एक किनारा गाठला. चिटपाखरू नव्हतं. सुरेखा पाण्याकाठी खुर्ची टाकून बसली.

"आज तू हलायचं न्हाईस! स्वयंपाक माझा!" मी गरजलो. मटण दोघांपुरतंच आणलं होतं. (कोल्हापुरी अंदाजानं. एखादा साखरपुडा उरकला असता.) धूर बाहेर जावा म्हणून खिडकी उघडली आणि तांबड्या रश्श्याला फोडणी दिली. तो वास किनाऱ्यावर कुठवर गेला, देव जाणे!

पहिले आले ते फिरायला निघालेले एक आजोबा. खिडकीशी थांबले आणि नाक वर केलं. आता माणूस समोर उभा आणि आपण एकट्यानं जेवायचं, हे आमच्या रक्तात न्हाई. तोंडातून निसटलंच, "या की पावणं! दोन घास खाऊन जावा!"

"अहो!" खुर्चीतून आवाज आला.

"एकच हाय गं!"

आजोबा खिडकीशी उभे राहून ओरपताना बघून एक जोडपं आलं. "काका, थाळीत काय काय आहे?"

मी खुळ्यासारखा म्हणालो, "तांबडा, पांढरा, सुकं! बसा की!"

मग कॉलेजची पोरं आली. "काका, जरा लवकर!" मला राग यायला हवा होता. मी म्हणालो, "आलो, आलो!"

तेवढ्यात एक मिनीबस थांबली. "कुठलं पावणं?" मी खिडकीतनंच ओरडलो.

"कागल!"

झालं! आमच्या कोल्हापूरशेजारची माणसं परमुलखात भेटायची आणि उपाशी जायची? रश्श्यात पाणी ओतलं, चटणी वाढवली. एका मावशींनी मीठ कमी असल्याची तक्रारही केली. कुणीतरी पाकीट काढलं, तर मी उसळलो, "जेवणाचं पैसं? शोभतंय का तुमास्नी?" हे ऐकून रांग दुप्पट झाली!

घाम पुसत बघतोय, तर सुरेखाची खुर्ची रिकामी! बाई बसनं माहेरी गेली का काय?

ती रांगेत शेवटी उभी होती. हातात ताट.

"काका, एक थाळी."

पातेल्यात चमचाभर रस्सा आणि एक हाडूक उरलं होतं. तेच वाढलं. मान वर करायची छाती झाली न्हाई.

भांडी घासून घासून माझ्या कमरेचा काटा ढिला झाला. परतताना घाटात हात जोडले, "चुकलं गं सुरेखा. वचन मोडलं मी."

"कुठं मोडलं? पावणं तुमचं, चूल तुमची, भांडी तुमची. मी आपली लाटा बघत बसलेली. लगीन झाल्यापास्नं असला निवांत दिवस बघितला न्हवता बघा!" ती चक्क हसली. "म्हणून म्हटलं, रविवारी माझ्या माहेरची समदी बोलवावीत. स्वयंपाक तुमीच करायचा."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. जीभ म्हणाली, "येऊ द्यात की!"