खोलीची खोड

अनारकुल एसेनबायेवाच्या दारावर स्टुडिओची पाटी नाही, तरी किर्गिझस्तानातल्या कराकोल गावात कोणीही तिचं घर दाखवतं. मागच्या खोलीत टेबल, संगणक, दोन स्पीकर आणि चारी भिंतींवर सासूने शिवलेले शिरदाक, म्हणजे लोकरीचे जाड, नक्षीदार नमदे. लग्नाची गाणी, शाळांचे कार्यक्रम, दुकानांच्या जाहिराती, सगळं इथेच तयार होतं. येणारा भिंतीवर हात फिरवून म्हणतो, "वा, इथे आवाज छान मुरत असेल." अनारकुललाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

मग सुक्यूर आके, म्हणजे सुक्यूर काका, आले. आके कोमुझ वाजवतात. जर्दाळूच्या लाकडाचं, तीन तारांचं वाद्य. त्यांच्या गुरूच्या काही चाली आता फक्त त्यांच्या बोटांत उरल्यात, आणि बोटं आखडत चाललीत. मिनतवाऱ्या केल्यावर ते रेकॉर्डिंगला बसले. तयार झालेलं त्यांनी जावयाच्या गाडीत ऐकलं आणि तडक दारात येऊन उभे राहिले.

"मुली, हा कोमुझ कोणाचा?"

"तुमचाच, आके."

"माझा लाकडाचा आहे. हा पत्र्याचा. अजून एकदा बघ. नाही जमलं तर सगळं पुसून टाक. मी गेल्यावर लोकांनी हे ऐकून मला हसायला नको."

अनारकुलने वाद घातला नाही. तेच रेकॉर्डिंग तिने स्वयंपाकघरात ऐकलं, शेजारच्या दुकानात ऐकलं, टॅक्सीत ऐकलं. सगळीकडे पत्रा. लाकूड ऐकू येत होतं ते फक्त तिच्या खोलीत. म्हणजे खोटं बोलत होती ती खोली.

बिश्केकच्या एका ओळखीच्याकडून तिने मोजमापाचा माइक मागवला. संगणक स्पीकरमधून चिवचिवाट करायचा, ती माइक खुर्चीभोवती इकडून तिकडे फिरवायची. सासू, ब्यूब्यूसारा अपा, दारातून डोकावल्या.

"चिमण्या पाळल्यास की काय गं?"

निकाल पडद्यावर आला. नमदे बारीक, टोकदार स्वर गिळत होते आणि खर्जाला हातही लावत नव्हते. खोलीत तो नुसता घुमत होता. म्हणून अनारकुल इतकी वर्षं प्रत्येक गाण्याचा खर्ज छाटत आली होती आणि धार वाढवत आली होती.

"म्हणजे खापर माझ्या शिरदाकांवर?"

"माझ्या कानांवर, अपा. त्यांना खोलीची सवय झाली."

"मग टाक ना उतरवून! तेवढंच राहिलंय."

अनारकुलने एकही शिरदाक उतरवला नाही. खोलीची खोड भरून काढणारी, म्हणजे खर्ज आवरून बारीक स्वर उचलणारी, दुरुस्ती तिने संगणकात बसवली. एवढं पुष्कळ जण करतात. तिने पुढे जाऊन संगणकातून निघणारा प्रत्येक आवाज त्या दुरुस्तीतून वळवला. बातम्या, जुन्या रेडिओफिती, फोनवरची बोलणी, नवऱ्याच्या फुटबॉलच्या मॅचसुद्धा.

"हा माणूस नाकातून का बोलतोय?" नवरा केनेशबेक वैतागला. "तुझ्या कामापुरतं लाव ना ते!"

"दिवसभर एका मापाने ऐकायचं आणि कामाला बसलं की दुसऱ्या? मग कानांनी विश्वास कुठल्या मापावर ठेवायचा?"

सुरुवातीला तिलाही सगळं कोरडं, उघडंबोडकं वाटायचं. तरी तिने हट्ट सोडला नाही, आणि आकेंच्या कामाला हातही लावला नाही. बातम्या देणारी बाई पुन्हा साध्या माणसासारखी बोलू लागली, तेव्हाच तिने कोमुझचं रेकॉर्डिंग उघडलं. तिचेच जुने फेरफार तिला ऐकवेनात. एकेक करून तिने ते काढले. शेवटी फाइल बनवताना ती दुरुस्ती फाइलमध्ये उतरू दिली नाही. आपल्या खोलीचं औषध दुसऱ्याच्या धडधाकट खोलीला कशाला पाजायचं?

आके स्टुडिओत ऐकायला तयार नव्हते. जावयाच्या गाडीत पुढे ते बसले, मागे अनारकुल. पहिली चाल संपली. दुसरी अर्ध्यावर आली तसं त्यांनी बोट वर केलं.

"थांबव. मागे घे."

जावयाने मागे घेतलं.

"इथे माझं बोट तारेवर उशिरा पडलंय."

"मागच्या वेळीही ते तसंच होतं, आके," अनारकुल म्हणाली.

"मागच्या वेळी खणखणाटात मला माझं बोट कुठे सापडत होतं?" आकेंनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. "हे तू सरळ करू शकतेस का?"

"करता येईल."

"करू नकोस. उद्या सकाळी येतो. ही एक चाल परत वाजवतो, बाकीच्या राहू दे."